सतराव्या पानावरचा सूर्य

पासिंगमावशीच्या दुकानात चारशे पॉकेटबुकं होती आणि चारशेंची गोष्ट एकच होती. गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा, मध्ये एक दुष्ट बाई, एकशे अठ्ठावीस पानं आणि शेवटी चर्चची घंटा. मुखपृष्ठावरच्या जोडप्याचे कपडे तेवढे बदलायचे. त्यामुळे आमच्या मारिकिना गावातल्या बायकांची मोठी पंचाईत व्हायची. पुस्तक भाड्याने न्यायचं, जेवणं उरकून पाय पसरून वाचायला बसायचं आणि तिसाव्या पानावर लक्षात यायचं, अगं बाई, हे तर मागच्या पावसाळ्यात वाचलंय! म्हणून प्रत्येकीने आपापली खूण ठरवली होती. वाचून झालं की सतराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करायची. कुणाची फुली, कुणाची मासोळी, कुणाची नुसती दोन टिंबं. पुढच्या वेळी पुस्तक नेण्याआधी सतरावं पान उघडायचं आणि आपली खूण दिसली की मुकाट परत ठेवायचं.

पुरिंगची खूण होती पाच पाकळ्यांचं फूल. चारशेतल्या साडेतीनशे पुस्तकांत ते फूल होतं.

पुरिंग बुटांच्या कारखान्यात अपर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, शिवायची. वय एकोणचाळीस, हात चलाख, नाकीडोळी नीटस, आणि जीभ अशी की मालकसुद्धा तिच्या मशीनपाशी उभं राहून बोलायचा नाही. लग्न झालेलं नव्हतं. भावाच्या घरात बाहेरच्या खोलीत चटई टाकून झोपायची. पाहुणे उशिरापर्यंत बसले तर बिचारी स्वयंपाकघराच्या दारात ताटकळत उभी राहायची, कारण पाहुणे बसले होते तीच तिची झोपायची जागा. वहिनी वाईट नव्हती, पण टोमणे मारल्याशिवाय तिला अन्न पचत नसे. ‘‘आमच्या पुरिंगताईंना राजपुत्र हवाय, त्याचं जहाज अजून बंदराला लागलं नाही,’’ असं ती शेजारणींना ऐकवायची. पुरिंग ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिला एक दार हवं होतं, जे आतून लावता येईल, आणि दाराच्या आत एक माणूस, ज्याने चार बायकांतून तिलाच निवडलं असेल. एवढंच मागणं होतं, पण तेवढ्यावरच तिचा जीव टांगलेला होता.

पुस्तकांवर हसणारे हसोत. दिवसभर मशीनवर वाकून मान मोडल्यावर, वाळवलेला मासा आणि भात खाऊन झाल्यावर, दीड तासात सगळं जग नीट लावून देणारं दुसरं काय होतं तिच्याकडे? त्यात भांडण व्हायचं ते गमतीचं, गैरसमज व्हायचा तो पन्नास पानांपुरता. नायक चिडायचा तेव्हाही छान दिसायचा. मधल्या सुट्टीत पुरिंग ही पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची. नायकाचा आवाज जाडा, नायिकेचा लाडीक, दुष्ट बाईचा नाकातून. पोरी डबे बाजूला सारून ऐकायच्या, खिदळायच्या, आणि घंटा झाली तरी उठायच्या नाहीत. कोणतं वाक्य कोणत्या पानावर आहे हे तिला तोंडपाठ असायचं. ‘‘पुरिंगताई, तुम्ही स्वतःच लिहा ना,’’ शेजारच्या मशीनवरची मिंदा म्हणायची. ‘‘लिहीन गं, आधी नायक तर भेटू दे,’’ पुरिंग म्हणायची.

नायक नव्हता, पण तेबान होता.

तेबान त्याच कारखान्यात सोल कापायचा. पंचेचाळिशीचा, मागेपुढे कुणी नसलेला, अबोल माणूस. डाव्या हाताची दोन बोटं सोल कापायच्या यंत्राने कधीच नेली होती. त्यावरून तो स्वतःच विनोद करायचा. कुणी केळी वाटायला लागलं की म्हणायचा, ‘‘मला आठच द्या, मोजायला सोपं पडतं.’’ हा तेबान गेली दोन वर्षं जुन्या रीतीने पुरिंगची सेवा करत होता. आमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या वेळी मुलीच्या घरी लाकडं फोडून, पाणी भरून मन जिंकायचे, ते खूळ याच्या डोक्यात अजून होतं. सकाळी नळावरून तिचे पाण्याचे डबे उचलून आणायचा. वादळात भावाच्या घराचे पत्रे उडाले तेव्हा दोन दिवस छपरावर होता. पुरिंग म्हणायची, ‘‘डबे तिकडे ठेव.’’ दोन वर्षांत तिने त्याला त्याच पाण्यातलं पेलाभर प्यायला विचारलं नव्हतं.

‘‘अहो ताई, माणूस चांगला आहे,’’ मिंदा म्हणायची.

‘‘चांगला आहे ना? मग तू घे. मापात बसत असेल तर.’’

हे असं चाललं होतं, आणि जूनमध्ये एके दिवशी पुरिंगने परत आलेलं एक पुस्तक सहज उघडलं. सतराव्या पानावर तिचं फूल होतं आणि त्या फुलाला लागून एक नवीन खूण होती. छोटंसं वर्तुळ, भोवती छोट्या छोट्या रेघा. दुसरं पुस्तक उघडलं, तिथेही तेच. कुणीतरी तिच्यामागोमाग तीच पुस्तकं, त्याच क्रमाने वाचत होतं, आणि पानावर एवढी जागा मोकळी असताना बरोबर तिच्या फुलाला खेटून खूण करत होतं.

तिने रेघा मोजल्या. आठ होत्या. दुसऱ्या पुस्तकातल्या मोजल्या, त्याही आठ. आता आमच्या देशात आठ किरणांचा सूर्य कुठे असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेत रोज सकाळी ज्या झेंड्यापुढे छातीवर हात ठेवून गाणं म्हटलं, त्या झेंड्यावर. झेंड्याचा सूर्य आपली खूण म्हणून कोण काढेल? नदीपलीकडे सैन्याची छावणी होती.

‘‘पासिंगमावशी,’’ तिने पुस्तक काउंटरवर ठेवत, जणू काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, ‘‘हे सूर्यवालं गिऱ्हाईक कोण गं?’’

पासिंग तेव्हा पन्नाशीला टेकलेली विधवा. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. दिवसभर पंख्यासमोर बसून गावाची अंडीपिल्ली जाणून असायची. तिने चष्म्यावरून पुरिंगकडे पाहिलं. ‘‘आहे एक,’’ ती म्हणाली. ‘‘मधल्या सुट्टीत तुम्ही सगळ्या कारखान्यात गोष्ट ऐकत बसता तेव्हा येतो.’’

‘‘पुरुष आहे?’’

‘‘पुरुष आहे तर.’’

‘‘लष्करातला असणार. अधिकारी. लेफ्टनंट वगैरे?’’

पासिंगने पंखा जरा आपल्याकडे वळवला. ‘‘ताठ चालतो बाई,’’ ती म्हणाली. ‘‘बोलतो अगदी कमी. नखं स्वच्छ.’’

झालं! पुरिंग हरभऱ्याच्या झाडावर चढली ती खाली उतरेचना. पूर्वी दिवसाआड एक पुस्तक न्यायची, ती रोज दोन न्यायला लागली, वाचलेलीसुद्धा. परत आलेलं पुस्तक आधी उघडायचं, सूर्य उगवलाय का बघायचं. उगवलेला असायचाच. ऑगस्टमध्ये तिने धीर करून फूल आणि सूर्य यांच्यामध्ये एक बारीकसा बदाम काढला. चार दिवसांनी दुसऱ्या पुस्तकात बघते तो सूर्याने आपणहून बदाम काढलेला! ती दुकानातच खुर्चीवर बसली. पासिंगने पाणी दिलं आणि तोंडात मूग धरून गप्प राहिली.

मग पुरिंग बदललीच. केस नीट बांधायला लागली, ओठाला लाली आली. मधल्या सुट्टीत गोष्ट सांगताना नायक इंजिनीअर असला तरी ती त्याला लेफ्टनंट करून टाकायची. आणि तेबानशी तर असं वागायला लागली की बघणाऱ्याला लाज वाटावी. एकदा तो डबे घेऊन आला, तर म्हणाली, ‘‘पुढच्या दाराने येऊ नकोस रे, कुणी पाहिलं तर काय म्हणेल?’’ त्याला काय वाटलं कोण जाणे, तो लाजून हसला आणि मागच्या दाराने यायला लागला. त्या हसण्याचा तिला इतका राग आला की दिवसभर शिवण वाकडी गेली.

डिसेंबर उजाडला. नाताळच्या आधी कारखान्यात चिठ्ठ्या काढायची पद्धत होती. प्रत्येकाने डब्यातून एक नाव उचलायचं, कुणाचं आलं ते गुप्त ठेवायचं आणि जेवणाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्या माणसाला भेट द्यायची. तेबानला पुरिंगचं नाव आलं नव्हतं. मिंदाला आलं होतं. तेबानने तिला आपली चिठ्ठी आणि वर एक डबा बिस्किटं देऊन ती बदलून घेतली, हे नंतर मिंदानेच सांगितलं.

जेवणाच्या दिवशी मशीनं भिंतीला लावली होती. लांब टेबलावर शेवया, तांदळाची गोड वडी, डुकराचं मटण. मालकाने दिलेली बियर पुरुषांनी दुपारीच संपवली होती. एकेक जण उठून भेट देत होता, टाळ्या पडत होत्या. तेबान उठला तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा भरतकामाचा सदरा होता. तो त्याने कुणाकडून तरी मागून आणला असावा, कारण बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. हातात बुटांचं खोकं होतं, लाल फीत बांधलेलं. तो टेबलाला वळसा घालून पुरिंगसमोर येऊन उभा राहिला आणि पोरी एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

‘‘पुरिंग,’’ तो म्हणाला. एवढ्या माणसांसमोर त्याने याआधी कधी तोंड उघडलं नव्हतं. ‘‘तुझ्याशेजारी थोडी जागा आहे. तिथेच आयुष्य काढीन म्हणतो. तू फक्त जागा पुसू नकोस.’’

खरं सांगायचं तर त्या क्षणी पुरिंगचा हात खोक्याच्या फितीपर्यंत गेला होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी चार माणसांसमोर तिच्यापुढे उभं होतं. पण मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि तिला वाटलं, आता आपण हसलो नाही, तर ही सगळी आपल्याला हसतील. नदीपलीकडे छावणीत एक माणूस असताना आपल्या नशिबी हा मागून आणलेला सदरा, असं चित्र उद्या गावभर फिरेल.

‘‘पान एकशे बारा!’’ ती मोठ्याने म्हणाली. ‘‘खालून चौथी ओळ! पोरींनो, ओळखलंत की नाही? आणि त्यातही चुकलाय. ‘थोडी’ नाहीये त्यात.’’

हशा पिकला. मालकसुद्धा हसला. तेबानही हसला, म्हणजे सगळे हसताहेत म्हणून. ‘‘हो, त्यातलंच आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तुला माहीत असणारच. पुरिंग, खोकं उघड ना, आत...’’

पण पुरिंगला आता टाळ्या मिळाल्या होत्या. ती खुर्चीवरून उठली, छाती काढून नायकासारखी उभी राहिली, आवाज जाडा केला आणि पान एकशे बाराचं सगळं भाषण त्याच्या तोंडावर म्हणून दाखवलं. नायक गुडघ्यावर बसतो तिथे बसली. नायिकेचा हात हातात घेतो तिथे तिने तेबानचाच डावा हात धरला, वर उचलला, सगळ्यांना दाखवला.

‘‘फक्त एक अडचण आहे,’’ ती म्हणाली. ‘‘नायकाला दहा बोटं असतात, तेबान.’’

काही जण हसले, काही जण ताटाकडे बघायला लागले. मिंदा म्हणाली, ‘‘ताई, पुरे आता.’’ तेबानने हळूच हात सोडवून घेतला आणि तो त्या लांब बाहीत ओढला. खोकं काखेत मारलं. ‘‘जेवा सगळ्यांनी,’’ तो म्हणाला. ‘‘शेवया गार होतायत.’’ आणि तो बाहेर गेला. जानेवारीत तो कामावर आला नाही. दुसऱ्या कारखान्यात लागल्याचं कळलं. पुरिंग आपले डबे आपण वाहायला लागली आणि छपराचा पत्रा पुन्हा गळायला लागला, तेव्हा भाऊ तिच्याकडेच बघायचा.

त्याच महिन्यापासून सूर्य उगवायचा बंद झाला. पुरिंग पुस्तकामागून पुस्तक उघडत होती, सतरावं पान बघत होती. तिचं फूल एकटंच.

‘‘मावशी, तो येत नाही का गं हल्ली?’’

पासिंग नवीन पुस्तकांना प्लॅस्टिकचं कव्हर घालत होती. ‘‘पुस्तक न्यायला येत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘बदली झाली असेल. खाली दक्षिणेत, मिंदनावला. तिकडे चकमकी चालल्यात ना.’’

‘‘तू म्हणतेस तर असेल.’’

मग काय विचारता! पुरिंग दर शुक्रवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावायला लागली. पुढे पुढे तर त्याच्या सुखरूपपणासाठी प्रार्थना म्हणवून घ्यायला कार्यालयात गेली, तर तिथल्या बाईने वहीवर पेन टेकवून विचारलं, ‘‘कुणासाठी? नाव?’’ पुरिंगला नाव सांगता येईना. ‘‘लेफ्टनंट लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘देवाला कळेल.’’ रविवारी पाद्र्याने आजारी माणसांच्या आणि परदेशी गेलेल्या नवऱ्यांच्या नावांमध्ये ‘‘एक लेफ्टनंट’’ असं वाचलं, आणि आमचे मागचे तीन बाक रुमाल तोंडाला लावून हसले. मीपण हसले, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये पासिंगमावशीने तेबानशी लग्न केलं. सकाळच्या प्रार्थनेनंतर, गाजावाजा न करता, दहा माणसांत. कारखान्यात बातमी आली तेव्हा पुरिंगने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, ‘‘बरं झालं. म्हातारीला आठ बोटं पुरे.’’ त्या दिवशीही हशा झाला, पण थोडा.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती दोन पुस्तकं परत करायला गेली. दुकानात कुणी नव्हतं, पंखा चालू होता. मागच्या घराचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यापाशी पादत्राणं काढून ठेवलेली होती. एका पुरुषाच्या चपला. शेजारी बायकी बूट, मरून रंगाचे, बारीक टाचेचे. पुरिंगचा जन्म बुटांत गेलेला. तिला लांबूनच दिसलं की हे दुकानातून घेतलेले नाहीत. हाताची शिवण, दोन टाक्यांमधलं अंतर केसाइतकंही कमीजास्त नाही. कुणीतरी महिना-महिना बसून केलंय. पण मागची टाच चेपून सपाट झाली होती, कारण घालणारीचा पाय बुटापेक्षा मोठा होता. ती ते स्लिपरसारखे चेपून घालत होती.

पुरिंग वाकली. आतल्या तळावर, टाच टेकते तिथे, कातड्यात एक फूल कोरलेलं होतं. पाच पाकळ्यांचं. त्याला लागून छोटंसं वर्तुळ, भोवती आठ रेघा.

ती तशीच वाकून राहिली. रेघा मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजल्या.

‘‘दिसलं वाटतं,’’ पासिंग आतून काउंटरपाशी आली होती. हातात कणीस होतं.

‘‘तू म्हणालीस लेफ्टनंट,’’ पुरिंग म्हणाली.

‘‘मी कधी म्हणाले? लेफ्टनंट तू म्हणालीस, छावणी तू म्हणालीस, मिंदनाव तू म्हणालीस. मी नाही म्हणाले नाही, एवढाच माझा दोष. रोज दोन पुस्तकं नेत होतीस, मी कशाला नाही म्हणू?’’

‘‘मला सांगायचंस तरी.’’

‘‘काय सांगायचं? काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालणारीला काय सांगायचं? रोज तुझं पाणी भरणारा माणूस तू कधी डोळे वर करून बघितला नाहीस.’’ पासिंगने कणसाचा एक दाणा काढून तोंडात टाकला. ‘‘त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, तुला सगळं ठाऊक आहे. तू पानावर बदाम काढत होतीस ना? इथे या बाकावर बसून, बोट लावून लावून वाचायचा. तुला काय आवडतं ते कळावं म्हणून. बदाम दिसला त्या दिवशी मला म्हणाला, मावशी, ती लोकांसमोर रागावते, पण पानावर हो म्हणते. मला म्हातारीला रडू आलं ते ऐकून.’’

‘‘आणि तरी तू...’’

‘‘कारखान्यातल्या त्या जेवणातून उठून ते खोकं घेऊन तो इथेच येऊन बसला होता. मी वाफाळता भात वाढला. तू वाढला असतास, तर मी कशाला वाढते?’’ असं म्हणून पासिंग मागच्या फळीवरून पुस्तक काढायला वळली. ‘‘थांब, एक देते तुला. आज फुकट ने.’’

पुरिंगने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय त्या मरून बुटात घातला. पाय आत गेला तो कुठेही न अडता. चवड्याला बरोबर, घोट्याला बरोबर, करंगळीपाशी तिला जन्मभर जो बूट चावायचा, तिथे करणाऱ्याने आत बोटभर मऊ कातडं लावलं होतं. तिने कुणाला ती करंगळी कधी सांगितली नव्हती. नळावर डबे उचलताना कुणीतरी बघितली असणार. चेपलेली टाच तिने हाताने वर ओढली, ती उभी राहीना, पुन्हा खाली पडली. ‘‘हे माझे आहेत,’’ ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते तिने पुसलंही नाही.

आतल्या खोलीतून तेबानचा आवाज आला. झोपेतून उठल्यासारखा, घरच्या माणसाचा आवाज. ‘‘पासिंग, कोण आलंय गं?’’

‘‘कुणी नाही,’’ पासिंग म्हणाली. ‘‘गिऱ्हाईक आहे.’’

पुरिंगने पाय काढून घेतला. बूट होता तसा शेजारच्या चपलांना लावून ठेवला. पासिंगने पुढे केलेलं पुस्तक घेतलं आणि सवयीने सतरावं पान उघडलं. ते वाचलेलं निघालं. कोपऱ्यात फूल होतं, सूर्य होता आणि मध्ये बदाम.

‘‘अगं, हे झालंय वाटतं तुझं,’’ पासिंग म्हणाली. ‘‘दुसरं देऊ का?’’

‘‘असू दे,’’ पुरिंग म्हणाली, आणि पुस्तक छातीशी धरून घरी गेली. घरात पाहुणे बसले होते, म्हणून तिने ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच वाचलं, एकशे बाराव्या पानावरच्या खालून चौथ्या ओळीपर्यंत.